बुडत्याला शब्दाचा आधार

यावलसारख्या गावी बसून नावेच्या परिभाषेवर लिहिणे म्हणजे मारवाडात पोहण्याची तालीम काढण्यासारखे आहे, असा शेरा आमच्या एका विद्वान स्नेह्यांनी नुकताच मारला. समुद्र येथून दीडशे मैलांहून अधिक दूर. उत्तरेस सातपुडा, भोवती केळीच्या बागा. अशा मुलखात सुकाणू, नांगर आणि शीड यांची चर्चा कोणासाठी करावयाची? ती कोकणच्या लोकांनी करावी. खानदेशाने कापूस, केळी आणि फार तर पाटबंधारे यांवर बोलावे, असा त्यांच्या म्हणण्याचा इत्यर्थ. हे मत एकट्या आमच्या स्नेह्यांचे असते तर आम्ही ते हसून सोडून दिले असते. परंतु आमची वृत्तपत्रे, आमच्या ग्रामपंचायती आणि आमची सुशिक्षित घरे हेच मत मूकपणे धरून बसलेली आहेत, आणि त्याची किंमत कोठे ना कोठे माणसांच्या जिवाने मोजली जात आहे. म्हणून या मताचा समाचार घेणे आम्हांस प्राप्त आहे.

प्रथम भूगोल पाहू. यावल तालुक्याची दक्षिण सीमा म्हणजे तापी. पूर्वी पावसाळा सरला की या नदीचे पाणी उतरत असे, ठिकठिकाणी उतार पडत, आणि गाडीबैल पात्रातून पलीकडच्या थडीस जात. नावेची गरज काय ती पावसाळ्यापुरती. तीही तरीवर बसलेल्या भोयाच्या किंवा कोळ्याच्या भरवशावर. आता तापीवर हतनूरचे धरण आहे, खाली शेळगावचा बंधारा आहे. जेथे आमच्या आजोबांनी धोतर खोचून नदी ओलांडली तेथे आज पुरुषांवर पुरुष पाणी आहे. पश्चिमेस, १९९८ पर्यंत धुळे जिल्ह्याचाच भाग असलेल्या नंदुरबार जिल्ह्यात, सरदार सरोवराचे पाणी नर्मदेच्या खोऱ्यात शिरले आणि कित्येक पाड्यांचा रस्ताच पाण्यावरून जाऊ लागला. तेथे दवाखानासुद्धा बोटीतून लोकांच्या दारी जातो. ज्या मुलखात दवाखाना पाण्यावर तरंगतो त्या मुलखाला नावेशी काय कर्तव्य, असे विचारणाऱ्याने आपला नकाशा पन्नास वर्षांत उघडलेला नाही, एवढेच म्हणावे लागेल.

आता हिशेब पाहू. १५ जानेवारी २०१९ रोजी, संक्रांतीच्या दिवशी, नंदुरबार जिल्ह्यातील भुषा येथे नर्मदेच्या पूजेसाठी निघालेल्या आदिवासी बांधवांची बोट उलटली आणि किमान सहा जण प्राणास मुकले. १४ सप्टेंबर २०२१ रोजी अमरावती जिल्ह्यात झुंज येथे वर्धा नदीत नाव उलटून अकरा जण गेले. २१ मे २०२४ रोजी उजनी जलाशयात कुगावहून कळाशीकडे जाणारी बोट वादळी वाऱ्यात सापडली आणि सहा जण गेले. त्याच वर्षाच्या आरंभी, १८ जानेवारीस, आमच्या शेजारच्या गुजरातेत वडोदऱ्याच्या हरणी तलावात सहलीस आलेली १२ मुले व त्यांच्या २ शिक्षिका बुडाल्या. या चार ठिकाणांपैकी एकही समुद्रावर नाही. नदी, जलाशय, जलाशयाचा फुगवटा आणि शहरातील तलाव! दर्याला भिणारा मनुष्य दर्याची तयारी करतो. तळ्याला कोण भितो? आणि जेथे भीती नाही तेथे शब्दही नाहीत.

आमचा मुद्दा येथूनच सुरू होतो. माणसे बुडाल्यानंतर वापरावयाचे शब्द मराठीपाशी विपुल आहेत. माणसे बुडू नयेत म्हणून वापरावयाचे शब्द मात्र आम्ही वापरातून घालविले आहेत किंवा कधी वापरात आणलेच नाहीत. दुर्घटनेच्या दुसऱ्या दिवशीचे कोणतेही वृत्तपत्र उघडा. ‘काळाने घाला घातला’, ‘नियतीने डाव साधला’, ‘अकरा जणांना जलसमाधी’. यांतील शेवटच्या शब्दाची आम्हांस विशेष चीड आहे. समाधी ही घ्यावयाची असते. ती कोणी कोणास देत नाही. आमच्या या खानदेशात, तापी-पूर्णेच्या संगमाच्या परिसरात, चांगदेव आणि मुक्ताबाई यांची स्थाने आहेत. समाधी या शब्दाचे मोल आम्हांस कोणी शिकवावे असे नाही. संतांनी जो शब्द स्वेच्छेने देह ठेवण्यासाठी वापरला तोच शब्द सहलीचे पैसे भरून नावेत बसविलेल्या दहा वर्षांच्या मुलाला लावणे ही शोकाची भाषा नव्हे, ती झाकपाक आहे. समाधी म्हटली की चौकशी संपली. काळाने घाला घातला म्हटले की होडीत किती माणसे बसविली होती, हे विचारावयास नको. काळाला परवाना लागत नाही, आणि त्याच्यावर खटलाही भरता येत नाही!

या शोकालंकारांच्या जोडीला दुसरा एक आळशी शब्द आहे, तो म्हणजे ‘बोट बुडाली’. वस्तुतः बोट एकाएकी क्वचितच बुडते. ती आधी कलते, म्हणजे एका अंगास झुकते. किंवा तिच्यात पाणी भरते. किंवा ती कलंडून उलटते, आणि उलटलेली लाकडी होडी पुष्कळदा बुडत नाहीच. पालथी तरंगत राहते. या तीन अवस्था निरनिराळ्या आहेत आणि तीन निरनिराळी कृत्ये मागतात. होडी कलली तर सर्वांनी जेथल्या तेथे खाली बसावे. भरू लागली तर हाती येईल त्या भांड्याने पाणी उपसावे व काठाकडे वळावे. उलटली तर पोहत किनारा गाठण्याच्या मोहात न पडता तिलाच धरून राहावे. ‘कलली, बसा, भरली, उपसा, उलटली, धरा.’ सहा शब्दांत मावणारे हे शास्त्र आहे. परंतु ज्या भाषेत या तिन्ही गोष्टींना मिळून ‘बुडाली’ एवढेच म्हणतात त्या भाषेतील मनुष्य होडी जरा कलताच ‘बुडाली, बुडाली’ म्हणून उठतो, उंच बाजूकडे धावतो, आणि त्याच्या धावण्याने ती खरोखरच उलटते.

हे आम्ही कल्पनेने लिहीत नाही. १७ जुलै १९४७ रोजी मुंबईहून रेवसकडे निघालेली ‘रामदास’ ही आगबोट काशाच्या खडकाजवळ उलटली आणि सहाशेंहून अधिक माणसे गेली. मोठ्या लाटेच्या तडाख्याने बोट एका अंगास झुकली, उतारू घाबरून एकाच बाजूस लोटले, आणि बोट पुन्हा सावरली नाही, अशी त्या अपघाताची हकीकत सांगितली जाते. कोकणातील घराघरांत ती आठवण पिढ्यानुपिढ्या राहिली. परंतु तिच्यातून निघणारे साधे वाक्य, ‘नाव कलली तर जागचे हलू नका’, हे आमच्या किती शाळांत मुलांना पाठ आहे? अनेक सनावळ्या आम्ही पाठ करून घेतो. एवढे वाक्य मात्र नाही.

आता या बाबतीत आमच्यात दोन पक्ष आहेत, आणि दोघांशीही आमचा झगडा आहे. पहिला पक्ष म्हणतो, ही परिभाषा इंग्रजीच असू द्या. जगभर तीच चालते. या पक्षाच्या कृपेने एका जलाशयाच्या धक्क्यावर आम्ही सुबक इंग्रजी पाटी पाहिली. तीत दहा नियम होते. त्या दहा नियमांखाली बसलेल्या नावाड्याला ती वाचता येत नव्हती, आणि ज्यांना वाचता येत होती ती मंडळी तिच्यासमोर उभी राहून छायाचित्रे काढीत होती. दुसरा पक्ष म्हणतो, नाही. स्वभाषेचा अभिमान धरा. मग ‘जलयान’, ‘प्राणसंरक्षक परिधान’, ‘प्लवनक्षमता’ असे शब्द घडविले जातात आणि पाटीवर, परिपत्रकात व कोशात प्रतिष्ठित होतात. भाषाशुद्धीच्या चळवळीचे ऋण आम्ही मानतो. ‘महापौर’ हा शब्द रुळला याचा आम्हांस आनंद आहे. पण महापौराला हाक मारताना कोणाच्या नाकातोंडात पाणी जात नसते. ‘प्राणसंरक्षक परिधान धारण करा’ हे वाक्य संपेपर्यंत ते परिधान ज्याच्यासाठी केले तो प्राण निघून गेलेला असेल.

या दुसऱ्या पक्षास आम्ही आपल्याच इतिहासाची आठवण करून देतो. शिवाजी महाराजांनी फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द देणारा ‘राज्यव्यवहारकोश’ करविला. भाषेच्या शुद्धीची एवढी चाड असलेल्या त्याच राज्याने आरमारही उभारले. आणि त्या आरमारात काय चालले? ‘सुकाणू’ हा अरबी शब्द चालला. ‘नाखवा’ व ‘बंदर’ हे फारसीतून आलेले शब्द चालले. ‘गुराब’ अरबीतून आला. रामचंद्रपंत अमात्यांच्या ‘आज्ञापत्रा’त आरमारावर स्वतंत्र प्रकरण आहे, त्यात गुराबा आणि गलबते त्याच नावांनी येतात. राजसभेत ज्या शब्दांची जात विचारली गेली ते शब्द वेगळे. दर्यावर शब्दाची जात कोणी विचारली नाही. तेथे एकच कसोटी होती: वाऱ्याच्या आवाजावरून तो शब्द पलीकडच्या माणसाला ऐकू जातो का, आणि ऐकताच हात कामाला लागतात का? अवजड ओझे चढविताना ‘हबेस’ आणि उतरविताना ‘आरिया’ अशी आरोळी खलाशी देतात. त्यातील आरिया पोर्तुगीज आहे, हे खलाशाच्या गावीही नाही आणि असण्याचे कारणही नाही. ओझे खाली येते, माणूस चिरडत नाही. शब्दाने आपले काम केले.

आणि जो पहिला पक्ष इंग्रजीच्या जागतिकपणाचा हवाला देतो, त्याने त्या इंग्रजीचा इतिहास तरी वाचावा. इंग्रजी नाविकांत जहाजाच्या उजव्या अंगास ‘स्टारबोर्ड’ आणि डाव्या अंगास ‘लारबोर्ड’ म्हणत. दोन्ही शब्द जुने, परंपरेने पावन झालेले. पण वादळात एक दुसऱ्यासारखा ऐकू येई. तेव्हा १८४४ मध्ये ब्रिटिश नौदलाने हुकूम काढून ‘लारबोर्ड’ हा शब्द काढून टाकला व त्याच्या जागी ‘पोर्ट’ हा आखूड, वेगळ्या ध्वनीचा शब्द नेमला. सुकाणूच्या हुकमांची गोष्ट याहून बोधप्रद आहे. पूर्वी ‘स्टारबोर्ड’ असा हुकूम झाला की सुकाणूचा दांडा उजवीकडे लोटावयाचा, म्हणजे जहाज वळे डावीकडे! १९१२ मध्ये हिमनग दिसताच ‘टायटॅनिक’वर जो हुकूम सुटला तो याच जुन्या रीतीचा होता: हुकूम स्टारबोर्डचा, आणि जहाज वळले पोर्टकडे. ही उलटी रीत पुढे सर्वत्र बदलण्यात आली. ब्रिटनने १९३३ पासून ती टाकली आणि ज्या बाजूचे नाव त्याच बाजूस वळण असा साधा नियम केला. संकटसमयी विमाने व जहाजे ‘मेडे’ असा पुकारा करतात, तोही फ्रेंच भाषेतील ‘मला मदत करा’ या शब्दांचा इंग्रजी कानास रुचेल असा केलेला घाट आहे. १९२३ मध्ये क्रॉयडन विमानतळावरील बिनतारी अधिकारी फ्रेडरिक मॉकफर्ड यांनी तो सुचविला. पुढे २००१ मध्ये आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने जहाजांवरील संभाषणाची ठरीव वाक्ये मान्य केली, तेव्हा इंग्रजीतील ‘कदाचित’, ‘शक्य आहे’ अशा छटांचे संदिग्ध शब्द टाळण्याचे बजावले.

यातून निघणारे तात्पर्य दोन्ही पक्षांनी कानावर घ्यावे. ज्यांच्याकडून आपण इंग्रजी परिभाषा जशीच्या तशी उचलतो त्यांनी स्वतःची परिभाषा कधी पूज्य मानली नाही. शब्द चुकीचा ऐकू येतो असे दिसताच त्यांनी तो बदलला. मग तो कितीही जुना असो. आपण त्यांचे शब्द घेतले, त्यांची ही बुद्धी घेतली नाही. आणि ज्यांनी शब्द घडविले त्यांनी ते कागदावर वाचून पाहिले, पाण्यावर ओरडून पाहिले नाहीत.

मग शब्द कोठून आणावयाचे? जेथे ते आहेत तेथून. कोकणच्या किनाऱ्यावर कोळी, भंडारी, खारवी यांच्या तोंडी आणि जुन्या कोशांत यांचा साठा आहे. होडीच्या पुढच्या टोकास ‘नाळ’ म्हणतात. गलबत स्थिर राहावे म्हणून तळाशी जो जड भार भरतात त्यास ‘नीरम’ म्हणत. मोठ्या भरतीस ‘उधाण’ आणि लहान भरतीस ‘भांग’ म्हणतात. हे शब्द आमच्या मुलखात रुजणार नाहीत असे ज्यांस वाटते त्यांनी आपल्या घरातील शाळेत जाणाऱ्या मुलास विचारावे, जमिनीवरून समुद्राकडे वाहणाऱ्या वाऱ्यास काय म्हणतात? यावलचा मुलगाही तत्काळ ‘मतलई वारे’ असे उत्तर देईल. त्याने समुद्र पाहिलेला नाही, मतलई वारा त्याच्या अंगास कधी लागलेला नाही. पण किनाऱ्यावरचा तो शब्द भूगोलाच्या पुस्तकाने सातपुड्याच्या पायथ्याशी आणून पोहोचविला. जे पुस्तक वारा आणू शकते ते नावेची नाळ आणू शकत नाही काय?

आणि जेथे शब्द नाही तेथे साधा शब्द करावा. एक उदाहरण देतो, कारण सगळ्या विषयाचे मर्म त्यात आहे. भरलेल्या होडीचा पाण्याच्या वर उरलेला जो काठ, त्यास इंग्रजीत स्वतंत्र संज्ञा आहे. आमच्याकडे रोजच्या वापरातील शब्द नाही. आम्ही त्यास ‘सुका काठ’ म्हणावे असे सुचवितो. माणूस चढला की सुका काठ कमी होतो. दुसरा चढला की आणखी कमी होतो. सुका काठ वीतभर उरला असेल तर हातभर लाटेची गरज नाही. वीतभर लाट पुरे, किंवा एका बाजूस दोघांचे वाकणे पुरे. उतारू पोहणारा असो वा नसो, शिकलेला असो वा नसो, धक्क्यावर उभा राहून त्याला सुका काठ डोळ्यांनी दिसतो. फक्त तो पाहावयाचा असतो हे त्याला ठाऊक नाही, कारण त्याला नाव नाही. ज्या वस्तूला नाव नाही ती डोळ्यांसमोर असून दिसत नाही, हा भाषेचा जुना नियम आहे.

या सुक्या काठानेच इंग्लंडात एक मोठी लढाई लढविली. तेथील जहाजमालक विम्याच्या भरवशावर जहाजे गळ्यापर्यंत भरीत आणि खलाशी बुडत. सॅम्युएल प्लिमसोल या लोकसभासदाने वर्षानुवर्षे भांडून १८७६ चा कायदा करून घेतला, आणि जहाजाच्या अंगावर भाराची रेघ काढणे भाग पडले. रेघ पाण्याखाली गेली की जहाज अधिक भरले, वाद संपला. त्यासाठी पंडित लागत नाही, यंत्र लागत नाही. रंगाचा डबा आणि एक कुंचला लागतो. आमच्या नद्यांवरील व जलाशयांवरील प्रत्येक होडीच्या दोन्ही अंगांस अशी पांढरी ठळक ‘भाराची रेघ’ का असू नये?

येथे व्यवहारी वाचक म्हणतील की, शब्दांनी कोण वाचतो? कायदा हवा, अंमलबजावणी हवी. कायदा आहे. मुंबई इलाख्यात तरी व अंतर्गत जलवाहतूक यांसाठी १८६८ साली कायदा झाला. देशासाठी १९१७ चा अंतर्देशीय जलयान कायदा होता; तो जाऊन २०२१ चा आला, त्यात नोंदणी, तपासणी आणि जीवरक्षक साधने या सर्वांची तरतूद आहे. तरीही १८ डिसेंबर २०२४ रोजी मुंबई बंदरात, राज्याच्या राजधानीच्या डोळ्यांदेखत, घारापुरीकडे जाणाऱ्या ‘नीलकमल’ या प्रवासी बोटीवर नौदलाची वेगवान बोट आदळून पंधरा माणसे गेली, तेव्हा प्रवासी बोटीत परवान्यापेक्षा अधिक उतारू होते असे उघडकीस आले. धडक ही बोटीवरच्या उतारूंची चूक नव्हती. पण गर्दी आणि अंगावर नसलेली जाकिटे यांनी तिचे परिणाम वाढविले, हे कोणी नाकारणार नाही. कायद्याचा शिपाई प्रत्येक तरीवर उभा राहणे शक्य नाही. प्रत्येक होडीत हजर असणारा तपासनीस एकच, तो म्हणजे उतारू. त्याच्या हाती अधिकाराचा कागद देता येत नाही. शब्द देता येतो. ‘काठ सुका किती?’, ‘जाकिटे किती?’, ‘रेघ दिसते का?’ हे तीन प्रश्न ज्या गावातील चार उतारू रोज विचारतील त्या गावी तरीवाला आपोआप कायदा पाळू लागेल.

जाकिटाचा उल्लेख आला म्हणून सांगतो. त्यास ‘जाकीट’च म्हणावे, तो शब्द मराठीने कधीच घरात घेतलेला आहे. मात्र हुकूम ‘जाकीट घाला’ असा नसावा, ‘जाकीट बांधा’ असा असावा. पट्टे न बांधलेले जाकीट पाण्यात पडताच वर सरकून डोक्यावरून निघू पाहते, आणि माणूस खाली राहतो. एका क्रियापदाचा फरक आहे, पण तो फरक श्वासाचा आहे. होडीच्या कोपऱ्यात रचून ठेवलेली जाकिटे तर देव्हाऱ्यातील पोथीप्रमाणे केवळ दर्शनाची. संकटात ती काढून, वाटून, बांधून होत नाहीत.

तसेच ‘डावे’ आणि ‘उजवे’. नावाडी पाठीमागे तोंड करून वल्हवीत असतो, उतारू समोरासमोर बसलेले असतात. ‘उजवीकडे सरका’ म्हटले की निम्मे इकडे आणि निम्मे तिकडे सरकतात. म्हणून डावे-उजवे नेहमी नाळेकडे तोंड करून मोजावे, एवढा संकेत शाळेतच शिकविला पाहिजे. आणि आणखी एक गोष्ट, जी शब्दांच्या उलट आहे: बुडणारा मनुष्य बहुधा ओरडत नाही. त्याचे तोंड श्वासासाठी झगडत असते. हाकेसाठी त्यात हवा नसते. चित्रपटातील बुडणारा हात हालवून ‘वाचवा, वाचवा’ म्हणतो. तळ्यातील मुलगा गप्प असतो, डोके मागे टाकतो आणि काही क्षणांत दिसेनासा होतो. काठावरच्यांनी हाकेची वाट पाहू नये. त्याच्यापर्यंत काठी पोहोचवावी. न पोहोचल्यास दोर, रिकामा डबा, घागर, अंगावरचे उपरणे फेकावे. नाव असल्यास वल्हवीत जावे. आणि उडी ही अगदी शेवटची, तीही ज्याला बुडत्यास सोडविण्याची कला अवगत आहे त्याचीच. एकाच्या मागे तिघे बुडाल्याच्या बातम्या आमच्या जिल्ह्यातील वाचकांस नव्या नाहीत. त्या धाडसाचे आम्ही कौतुक करतो. काठावर एक दोर टांगून ठेवणाऱ्याचे मात्र कौतुक कोणी करीत नाही, आणि म्हणूनच दोर नसतो.

या सर्व विवेचनात नावाड्यावर खापर फोडण्याचा आमचा हेतू नाही, हे निक्षून सांगतो. प्रत्येक दुर्घटनेनंतर त्याला पकडून नेणे सोपे असते. परंतु नदीची धार कोठे ओढते, वारा फिरण्यापूर्वी पाण्याचा रंग कसा पालटतो, डोह कोठे आहे, हे ज्ञान ज्याच्यापाशी आहे तो हाच मनुष्य. आमच्या तापीकाठच्या भोई व कोळी बांधवांच्या तोंडचे नदीचे शब्द टिपून घेण्याचे काम आमच्या विद्यालयांनी हाती घ्यावे. धरणांनी उतार बुडविले, त्याबरोबर त्या उतारांची नावेही बुडू लागली आहेत. ‘आणखी दोघांना घे रे, काय होते!’ असे म्हणून त्याच्या नकारास कंजूषपणा ठरविणारे आपणच पांढरपेशे उतारू असतो. त्याचा ‘नाही’ हा शब्द पाण्यावरील सर्वांत मोलाचा शब्द आहे. तो ऐकण्याची सवय आपल्यास नाही.

आमच्या मागण्या थोड्या आहेत. प्रत्येक तरीवर आणि जलविहाराच्या प्रत्येक धक्क्यावर मराठीत, आणि जेथे पावरी, भिल्ली वा अहिराणी बोलतात तेथे त्या बोलीतही, मोठ्या अक्षरांची पाटी असावी. तीवर एवढेच असावे: सुका काठ पाहा. भाराची रेघ बुडाली तर चढू नका. जाकीट बांधा. उभे राहू नका. कलली, बसा. भरली, उपसा. उलटली, धरा. ही पाटी यावलच्या बाजारातील अडाणी माणसास वाचून दाखविली असता त्याने एकदाही ‘म्हणजे काय?’ असे विचारू नये, हीच तिच्या मराठीची परीक्षा. चौथीच्या पुस्तकात मतलई वाऱ्याशेजारी नावेचा एक धडा असावा, आणि पोहण्याइतकाच तोही महत्त्वाचा मानला जावा. आणि आमच्या संपादकबंधूंनी पुढील दुर्घटनेच्या बातमीतून ‘जलसमाधी’ हा शब्द खोडून त्याच्या जागी दोन आकडे लिहावेत: होडीत माणसे किती होती आणि जाकिटे किती होती.

हे दोन आकडे छापून येऊ लागले की काळाला घाला घालण्याची सवड फारशी मिळणार नाही, असा आमचा भरवसा आहे. कारण जो मुलूख समुद्रापासून दूर आहे तो पाण्यापासून दूर आहे असे नव्हे. आणि सातपुड्याच्या पायथ्याशी बुडणाऱ्या मुलाच्या नाकातोंडात जाणारे पाणी गोडे असते, एवढाच काय तो त्याला कोकणाहून वेगळा दिलासा.